वाचक विचारतात : अँटेना चार, मग आकडा का घसरला?

प्रश्न : ३.५ गिगाहर्ट्झवर ४×४ मायमोचं (दोन्ही टोकांना चार-चार अँटेना) सिम्युलेशन केलंय. २० डेसिबल एसएनआरला (सिग्नल आणि गोंगाटाच्या गुणोत्तराला) दर हर्ट्झमागे सेकंदाला २२ बिट मिळतात. लक्ष्मी रस्त्यावर मोजलेले चॅनेल (अँटेनांमधल्या रेडिओ मार्गांची मापं) त्याच सरासरी एसएनआरला घातले की आकडा बराच खाली येतो. कोडमध्ये चूक असेल का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : कोड ठीक दिसतो. चॅनेल बनवणाऱ्या यादृच्छिक गाउसियन संख्यांना √२ ने भागायचं राहिलं असतं, तर आकडा २६ च्या घरात गेला असता. अडचण मॉडेलची आहे. चार गुणिले चार अँटेना-जोड्यांचे सोळाही गुणक एकमेकांपासून स्वतंत्र धरले तरच २२ येतात, म्हणजे लाटा चहूबाजूंनी येतात असं तुम्ही मानलंत. फोनपाशी ते बऱ्यापैकी खरं असतं. उंच गच्चीवरच्या बेस स्टेशनला मात्र तोच फोन चिंचोळ्या कोनात दिसतो. समोरून येणाऱ्या लाटांच्या कोनांचा फैलाव ५ अंश धरा : अर्ध्या तरंगलांबीवरच्या, म्हणजे ४.३ सेंमीवरच्या, दोन अँटेनांचं कोरिलेशन (सिग्नलमधलं साम्य, १ म्हणजे पूर्ण) ०.९६ भरतं. दोन तरंगलांबींवर ०.५५, चारवर (३४ सेंमी) ०.०९.

हे सिम्युलेशनमध्ये आणायला क्रोनेकर मॉडेल वापरा : दोन्ही टोकांची कोरिलेशन मॅट्रिक्स बनवा, प्रत्येकीचा चोलेस्की घटक (जणू तिचं त्रिकोणी वर्गमूळ) काढा आणि तुमच्या स्वतंत्र मॅट्रिक्सला डावीकडून फोनचा घटक, उजवीकडून बेस स्टेशनच्या घटकाचं कॉन्ज्युगेट ट्रान्सपोज गुणा. मॅटलॅब मुळात वरचा त्रिकोण देतं, नमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) खालचा. इथे खालचा हवा. मॅटलॅबच्या घटकाचा ट्रान्सपोज विसरलात तरी क्षमतेचा आकडा हलत नाही, कारण आयगेनमूल्यं तीच राहतात. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि बीमफॉर्मिंगला (लाटा ठरावीक दिशेला वळवण्याला) हात घातल्यावर उघडी पडते. शिवाय प्रत्येक नमुना वेगळा नॉर्मलाइझ करू नका, फेडिंगच (सिग्नलचे चढउतार) पुसलं जातं. सरासरी संपूर्ण संचावर घ्या.

एवढं करूनही लक्ष्मी रस्ता हुबेहूब जमणार नाही. दोन्ही बाजूंना सलग इमारती असल्या की ठरावीक दिशेने निघालेली लाट ठरावीक दिशेनेच पोचते. क्रोनेकर मॉडेल मात्र निघण्याच्या प्रत्येक दिशेची पोचण्याच्या प्रत्येक दिशेशी गाठ घालतं. तिथे मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या ३८.९०१ अहवालातलं क्लस्टरवालं (लाटांचे दिशावार गट धरणारं) मॉडेल वापरा. त्यातली सीडीएल ए, बी, सी ही रूपं आडोशाच्या मार्गांसाठी आहेत, डी आणि ई थेट दिसणाऱ्या. अर्थात तेही कोणत्या एका रस्त्याचे नकाशे नव्हेत. कोनांचे फैलाव स्वतःच्या मोजणीवरून बसवा.

प्रश्न : सिंहगड रस्त्याजवळच्या दोन गच्च्यांमध्ये ३ किलोमीटरची ५.८ गिगाहर्ट्झची लिंक आहे. मध्ये काही आडवं नाही, सिग्नल उत्तम. प्रत्येक टोकाला शेजारी-शेजारी दोन अँटेना आहेत, तरी दुसरा डेटा प्रवाह उभा राहत नाही.
– वाचक, धायरी

उत्तर : आडवं काही नाही, तिथेच घोडं पेंड खातंय. जवळजवळच्या अँटेनांना समोरचं टोक एकाच दिशेला दिसतं आणि चॅनेलची रँक (एकाच वेळी जाऊ शकणाऱ्या स्वतंत्र प्रवाहांची संख्या) एकवर येते. अँटेनांची ताकद वाढवून हे सुटत नाही. दोन प्रवाह हवेत तर दोन्ही टोकांवरच्या अंतरांचा गुणाकार तरंगलांबी गुणिले लिंकची लांबी भागिले दोन, इथे सुमारे ७८ चौरस मीटर, हवा. म्हणजे दोन्हीकडे ८.८ मीटर, किंवा एकीकडे १३ आणि दुसरीकडे ६. तीही लिंकच्या दिशेला काटकोनात. एवढी गच्ची नसेल तर प्रत्येक टोकाला एक अँटेना +४५ आणि दुसरी −४५ अंशांत फिरवून बसवा. दोन ध्रुवीकरणांवर (लाटांच्या कंपनाच्या दोन दिशांवर) दोन प्रवाह निघतात, आणि खांबही एकच पुरतो.