दोन लाइनींची वाटणी

भाऊ, सेतू केंद्रात इंटरनेटच्या फायबर अन् फोरजी दोन्ही लाइनी असतील तर मायक्रोटिक राउटरवर पीसीसीच लाव, म्हणजे पत्ता बघून कनेक्शनं लाइनींत वाटायची पद्धत. एनटीएचची, म्हणजे पाळीपाळीनं वाटायची, वाटणी अगदी समान होते, पण तुझं एक कनेक्शन या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) जातं, दुसरं त्या आयपीवरून. सातबारा काढता काढता पोर्टल लॉगआउट करतं अन् रांग तुझ्या तोंडाकडे पाहते. पीसीसीत 'सोर्स अ‍ॅड्रेस' निवड, म्हणजे एक कॉम्प्युटर एकाच लाइनीवर राहतो. फायबर 30 एमबीपीएस, फोरजी 10 असेल तर चार भाग पाड, तीन फायबरला. राउटरचा फास्टट्रॅक (तपासणी टाळून वेग वाढवणारी सोय) बंद ठेव, नाहीतर कुठलं कनेक्शन कुठल्या लाइनीचं ही खूण, म्हणजे मार्किंग, चुकतं. एकच फाइल मात्र दुप्पट वेगानं उतरणार नाही बरं!

फायबर चालू आहे का, म्हणजे गेटवे (बाहेर जायची वाट), तपासायला मोडेमला पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) नको. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तरी मोडेम उत्तर देतच राहतो. बाहेरचा पत्ता घे, 8.8.8.8 सारखा, अन् त्याचा रूट (जायचा रस्ता) फायबरमधूनच बांध.