ओंटारिओत कंपनी कायद्याचं काम करायचंय? डिप्लोम्याची फी भरण्याआधी वाच

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू देवगडचा. बी.कॉम.नंतर रत्नागिरीत एलएलबी केलंस आणि तिथल्याच एका सीएसच्या (कंपनी सेक्रेटरीच्या) ऑफिसात आरओसीचं, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाचं, फायलिंग करतोस. आता ओंटारिओत पॅरालीगलचा डिप्लोमा करून टोरांटोत कॉर्पोरेट फर्मला लागायचा बेत आहे, आणि या कामात कायद्याच्या कोणत्या भानगडी अंगाशी येतात ते विचारलंयस. शिवाय तुझ्या काकांना आंब्याच्या पल्पसाठी इथे कॅनडात कंपनी काढायची आहे आणि डायरेक्टर म्हणून तुझं नाव टाकायचं आहे. ताई म्हटलंस, म्हणून सरळ अरे-तुरेवर येते.

आधी डिप्लोमा. एजंटने हे सांगितलं नसणार. ओंटारिओत पॅरालीगलला लॉ सोसायटीचा (वकिलांना परवाने देणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, २००७ पासून. मान्यताप्राप्त कोर्स, १२० तासांचं प्रत्यक्ष काम, मग परीक्षा. आणि एवढं करून मिळणारा परवाना कशासाठी, तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, ट्रॅफिकचे खटले, घरमालक-भाडेकरूंचे वाद, काही ट्रायब्युनल. शेअरहोल्डर करार, कंपनीची खरेदी-विक्री हे त्यात बसत नाही. तुला हवं असलेलं काम करतात लॉ क्लार्क. त्यांना परवाना लागत नाही, पण ते वकिलाच्या देखरेखीखालीच काम करतात. दुसरं म्हणजे, नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोम्यानंतरचं वर्क परमिट ठरावीक विषयांनाच मिळतं: आरोग्य, शेती, तांत्रिक विषय, कुशल कामं, वाहतूक अशी ती यादी. तुझा कोर्स त्या यादीत आहे का, हे सरकारी वेबसाइटवर स्वतः बघ, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. एलएलबी हातात आहे तर पहिल्यांदा एनसीएकडून (परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणाऱ्या कॅनडाच्या समितीकडून) तिचं मूल्यमापन का करून घेत नाहीस? तो रस्ता लांबचा आहे, पण वकिलीकडे जातो. मला तरी तोच शहाणपणाचा वाटतो.

आता मुख्य प्रश्न. फॉर्म तुला आठवड्यात जमतील. जो एमजीटी-७ (आपल्याकडचं कंपनीचं वार्षिक विवरण) भरतो त्याला इथलं अॅन्युअल रिटर्न म्हणजे किरकोळ काम. अडचण येते ती सवयींची. आपल्याकडच्या ऑफिसात काय असतं ते तुला माहीत आहे: ड्रॉवरमध्ये सगळ्या डायरेक्टरांचे डीएससी (डिजिटल सहीचे) टोकन रबरबँडने बांधलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पिन. डायरेक्टरसाहेब मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव बघतायत आणि इकडे त्यांची सही होऊन फॉर्म अपलोडही झाला. इथे ओंटारिओ बिझनेस रजिस्ट्री या सरकारी नोंदणी पोर्टलवर प्रत्येक कंपनीची एक कंपनी की, म्हणजे फायलिंगसाठीचा गुप्त क्रमांक, असते, आणि ती बहुतेक वेळा क्लार्कच्याच हातात येते. अशिलाचा लेखी होकार फाइलला लावल्याशिवाय ती वापरायची नाही. फोनवर ‘टाकून दे रे’ म्हणाले, हे पुरत नाही. उद्या दोन भावांत भांडण झालं आणि एकाला डायरेक्टरपदावरून काढल्याचा फॉर्म तू भरलेला निघाला, तर तुला कोणी सांगितलं हे दाखवायची जबाबदारी तुझ्यावर येते.

दुसरी सवय मागच्या तारखेची. मिनिट बुक म्हणजे कंपनीच्या नोंदींचा काळा जाड बाइंडर, आत आर्टिकल्स (कंपनीच्या स्थापनेचा दस्तऐवज), ठराव, डायरेक्टर आणि शेअरहोल्डरांची रजिस्टरं, शेवटी शेअर सर्टिफिकेटं. कंपनी विकायला निघते तेव्हा खरेदीदाराचा वकील तो मागतो, आणि पानं उलटली की कळतं, पाच वर्षांचे वार्षिक ठरावच नाहीत. शेअर ट्रान्सफर झालेत, पण जुनं सर्टिफिकेट रद्द न करता तसंच ठेवलंय. आपल्याकडे एका दुपारी सगळ्या सभा ‘होऊन’ जातात. इथे असं करू नकोस. आजच्या तारखेने सही घेऊन, अमुक दिवसापासून लागू असं स्पष्ट लिहून आधीच्या कृत्यांना मंजुरी देणारा ठराव करता येतो. घडलेलं आज कागदावर आणणं चालतं, पण सही त्या दिवशी झाली असं भासवणं म्हणजे खोटा दस्तऐवज. वकील घाईत असला तरी हे त्याच्याकडे लेखी विचारून ठेव.

मग येतो मालकीचा प्रश्न. कंपनीवर खरा ताबा कोणाचा, याचं रजिस्टर फेडरल (केंद्रीय कायद्याखाली नोंदलेल्या) कंपन्यांना २०१९ पासून ठेवावं लागतं आणि २२ जानेवारी २०२४ पासून ते सरकारकडे भरावंही लागतं. ओंटारिओच्या कंपन्यांना २०२३ पासून ते आपल्याकडे ठेवावं लागतं. मर्यादा २५ टक्के हिश्श्याची. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम ९० खालच्या नियमांत ती १० आहे. मात्र चौघे चुलतभाऊ एकत्र मत द्यायचं ठरवून बसले असतील, तर एकेकाचा हिस्सा कमी असूनही चौघांची नावं लागू शकतात. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे पटकन कळेल. ते रजिस्टर भरताना अशील जे सांगेल ते तसंच लिहू नकोस. ओळखपत्रं आणि शेअरचे कागद मागून घे.

काकांची कंपनी. फेडरल काढली तर किमान २५ टक्के डायरेक्टर, आणि चारपेक्षा कमी असतील तर किमान एक, ‘रेसिडेंट कॅनेडियन’ (ढोबळमानाने, कॅनडात राहणारा नागरिक किंवा कायम रहिवासी) लागतो. स्टडी परमिटवर तू तो होत नाहीस. ओंटारिओने ही अट ५ जुलै २०२१ ला काढली, म्हणून एजंट लोक तिकडे वळवतात. पण डायरेक्टर हे शोभेचं पद नाही. कंपनीने पगार थकवले तर सहा महिन्यांपर्यंतच्या पगाराला डायरेक्टर व्यक्तिशः जबाबदार असतो. काकांना नम्रपणे नाही म्हण. ‘घरचंच आहे, दोन कागद करून दे’ म्हणतील, तेही नाही. परवाना नसताना कायदेशीर सल्ला देणं हा इथे गुन्हा आहे आणि अशा कंपनीच्या कामात नातं ही सबब चालत नाही.

गुपितांचं एक सांगते. मिसिसागाच्या गणेशोत्सवात आरती संपली की कोण कुठे नोकरीला, कोणती कंपनी विकली जातेय याच्याच गप्पा. तुझ्या टेबलावरून गेलेल्या शेअर बाजारातल्या कंपनीच्या सौद्याबद्दल तिथे एक शब्द बोललास, तर ती टिप, म्हणजे गुप्त माहिती फोडण्याचा गुन्हा, ठरते. शेअर तू घेतले नाहीस तरीही. नोकरी बदलताना आधीच्या फर्मची अशिलं विरुद्ध बाजूला असतील तर पहिल्याच दिवशी सांग. १९९० च्या मॅकडोनल्ड इस्टेट विरुद्ध मार्टिन खटल्यात एका ज्युनिअर वकिलामुळे अख्खी फर्म प्रकरणातून बाहेर गेली.

किरकोळ पण नेहमीचं: जुन्या नोकरी-कराराच्या साच्यात ‘स्पर्धा करणार नाही’ असं कलम असतं. २५ ऑक्टोबर २०२१ पासून ओंटारिओत ते बहुतेक कर्मचाऱ्यांना लावता येत नाही. आणि ७,५०० डॉलर किंवा त्याहून अधिक रोख घेऊन कोणी आलं, तर पैसे मोजायच्या आधी वकिलाला बोलाव. फर्मने ते घ्यायचेच नसतात, मोजके अपवाद सोडले तर.

तुझी जमेची बाजूही आहे. इथल्या कंपन्या भारतात उपकंपनी काढतात तेव्हा १८२ दिवस भारतात राहणारा डायरेक्टर, परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्यावर ३० दिवसांत एफसी-जीपीआर (रिझर्व्ह बँकेला द्यायचा अहवाल), कागदांना अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावेत म्हणूनचा सरकारी शिक्का) हे सगळं सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. कॅनडा अपोस्टिल करारात ११ जानेवारी २०२४ पासून आलाय, त्यामुळे ते काम आता सोपं झालंय.

निघण्याआधी साहेबांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घे: कामाचे तास, पगार, आणि कोणकोणती कामं केलीस ते तपशिलात. इमिग्रेशनच्या वर्गीकरणात ४२२०० हा पॅरालीगल आणि तत्सम कामांचा गट आहे. त्यातली वर्णनं वाच आणि जी कामं खरोखर केली असतील तीच पत्रात येऊ देत. हे गणपतीआधी उरकून घे. नंतर एओसी-४ ची (कंपन्यांचे वार्षिक हिशेब भरायच्या फॉर्मची) गडबड सुरू होते, आणि मग दिवाळीपर्यंत साहेब तुझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.