आजारातून उठले, आता बॉस राजीनामा मागतोय

प्रश्न: मी खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन, केमो सगळं झालं, डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिल्यावरच जॉइन झाले. पण तेव्हापासून साहेब माझं काम ज्युनिअरला देतात, मीटिंगला बोलवत नाहीत, चेकअपला सुट्टी मागितली की सगळ्यांसमोर "ही काय धर्मशाळा आहे का" म्हणतात. आता एचआर म्हणतंय स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील. कायद्याने काही होतं का?
– एक वाचक

उत्तर: ताई, आधी एकच सांगतो, त्या राजीनाम्यावर सही करू नका. रेकॉर्ड वगैरे कंपनीच्या सोयीचं बोलणं आहे, कारण काढून टाकलं तर ते का काढलं हे कंपनीला सांगावं लागतं आणि राजीनामा दिला की तो दबावाने घेतला हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. घाबरून दिलाच असेल तर स्वीकारला जायच्या आत मेल करून मागे घ्या.

दुसरं, जे तोंडी चाललंय ते कागदावर आणा. एचआरने बोलावून काही सांगितलं की त्याच दिवशी साधा मेल टाकायचा, "आज तुम्ही मला राजीनामा द्यायला सांगितलंत, माझी तयारी नाही, मी कामाला फिट आहे", बास. आजाराआधीचे अप्रेझल, सुट्टीचे अर्ज, फिटनेस सर्टिफिकेट यांच्या कॉपी घरी ठेवा. फक्त कंपनीच्या हिशोबाच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका हं, तेच कारण काढून नोटीस देतात.

आता दाद कुठे मागायची ते तुमचं काम काय यावर आहे. कार्डावर मॅनेजर लिहिलंय म्हणून कोणी मॅनेजर होत नाही, कोर्ट रोजचं काम बघतं. एन्ट्री, बिलं, रिकन्सिलिएशन असं काम असेल तर तुम्ही कामगार ठरू शकता, मग काढून टाकल्यास कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करायचा, तिथे समेट घडवायचा प्रयत्न होतो आणि ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात यासाठी २ वर्षांची मुदत आहे, आधी ३ होती, त्यामुळे बघू नंतर असं करू नका. खरंच मॅनेजर असाल तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे नोकरी परत मिळणं अवघड, बहुतेक वेळा नोटीस पे आणि भरपाईवरच येतं.

अपंगत्वाच्या कायद्याचं बरेच जण विचारतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत पण कॅन्सर त्यात नाही, माझ्या मते ही मोठी फट आहे. मात्र ऑपरेशनमुळे हाताच्या हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल तर सरकारी हॉस्पिटलमधून तपासून घ्या. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं तर भेदभावाची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, खासगी कंपनी असली तरी.

वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रश्न: माझे मिस्टर सरकारी खात्यात ड्रायव्हर आहेत. पॅरालिसिसचा झटका आला, एक बाजू अजून नीट चालत नाही. साहेब रोज म्हणतात व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या नाहीतर काढतील. घ्यावी का?
– एक गृहिणी

उत्तर: अजिबात नाही! तुमची केस वरच्या ताईंपेक्षा कितीतरी भक्कम आहे. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. गाडी चालवता येत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा रिटायरमेंटपर्यंत जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढा आणि कलमाचा उल्लेख करून पर्यायी पदासाठी खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका, आणि व्हीआरएसच्या फॉर्मला हात लावू नका.