पेणचे पोहे आणि तुझा शाळेतला प्रश्न

प्रिय पिल्लू,

परवा आजीच्या ऑपरेशनचा नवस फेडायला आपण मलिदा केला तेव्हा तुझी मैत्रीण आली होती, तिने ताट बघून विचारलं की हे इंडियातल्या देवळातलं काही आहे का, आणि तू नुसती गप्प बसलीस. रात्री मला म्हणालीस, आई, आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, सोडले तर बाकीचे यहुदी कोणीच मलिदा करत नाहीत, मग हे आपलं यहुदी आहे का मराठी, आणि शाळेत शोराशीमचा, म्हणजे आपल्या मुळांचा, प्रोजेक्ट आहे, त्यात मी मूळ कुठलं लिहू, इथलं इस्राएलचं का तिथलं कोकणचं. मी म्हटलं झोप आता, उद्या सांगते. त्याला चार दिवस झाले. तोंडी सांगायला बसले की मी अर्ध्यात हिब्रूत शिरते आणि हिब्रूत मला हे धड सांगता येत नाही, म्हणून मराठीत लिहून काढतेय. वाचायला जड जाईल तिथे आजीकडून वाचून घे, तिलाही बरं वाटेल.

आधी ताटाचंच सांगते. आजी पोहे कशी धुते बघितलंस ना, चाळणीत घेऊन नळाखाली एकदाच पाणी फिरवायचं, चाळणी तिरकी करून पातेल्यावर ठेवायची, आणि थोड्या वेळानं एक दाणा बोटात धरून दाबायचा, तो चेपला पण मोडला नाही तरच पुढचं. मग ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, बेदाणे, आणि कालवायचं ते हातानंच, चमचा लावला की पोह्यांचा लगदा होतो. भोवती जी फळं मांडतो ती काही शोभेची नसतात. खजूर आणि सफरचंद हे झाडाचं फळ, त्याची बेराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची देवाच्या स्तुतीची ओळ, वेगळी. केळ्याला आपल्यात झाडाचं फळ धरत नाहीत, जमिनीचं धरतात, त्याची वेगळी. गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाचा पाला असतो तो वास घेऊन म्हणायच्या बेराखेसाठी. आणि हे सगळं कसं, तर एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणत. आता मलिदा हा शब्द बघ, तो फारसी, आणि आपल्याकडे मुसलमान लोक दर्ग्यावर मलिदा नेतात ते मी लहानपणी ठाण्यात कितीदा पाहिलंय. म्हणजे पोहे-नारळ कोकणचे, नाव मुसलमान शेजाऱ्यांशी सामायिक, बेराखा हिब्रू. यातलं यहुदी कुठे संपतं आणि मराठी कुठे सुरू होतं ते मला पन्नाशीला आले तरी दाखवता येणार नाही, आणि दाखवायची गरजही वाटलेली नाही.

अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे, तिथे एका खडकावर खुणा आहेत. आपल्या लोकांची श्रद्धा अशी की एलियाहू हनाबीचा रथ तिथून आभाळात गेला, ती त्याच्या चाकांची खूण. आम्ही ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणाला तिथे जायचो, आजी तिथेच ओंजळीत मलिदा द्यायची. इथे माझ्या कामावरच्या एका बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली तो तर यार्देन नदीच्या काठावरून गेला. मी म्हटलं हो, आमच्याकडूनही गेला.

आता मूळ कुठलं. आपल्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात ते असं की दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या उत्तरेकडच्या गलिलातून निघालेलं एक गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आज तिथे स्मारक आहे. पुस्तकं वाहून गेली, हिब्रू विसरली, राहिला तो शनिवारचा शब्बाथ, मुलाची सुंथा, खवल्यांचेच मासे खायचे हा नियम आणि शमा इस्राएल, देव एकच आहे म्हणणारी प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मयत असो, ती एकच ओळ म्हणायचे. धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. सणांची हिब्रू नावं गेली होती तर लोकांनी आपल्या भाषेत नावं ठेवली, रोश हशाना तो नव्याचा सण, योम किप्पुर दारफाळणीचा सण कारण दिवसभर दार लावून घरात बसायचं, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बेआव, म्हणजे येरुशलायमचं मंदिर पाडलं त्या दुखवट्याचा दिवस, त्याचं नाव वालाच्या बिरड्यावरून. ही नावं प्रोजेक्टमध्ये नक्की लिही, तुझ्या वर्गात कोणालाच माहीत नसतील. आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादाचं, पेसाखच्या रात्री वाचायच्या पुस्तकाचं, चित्र शोधून चिकटव, मराठी भाषांतर आहे त्यात आणि मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत.

आपलं आडनाव पेणकर. पेणचे ते पेणकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराड. डॉक्टर जेरुशा झिराड, मुंबईत बायकांच्या आजारांच्या मोठ्या डॉक्टर, १९६६ साली पद्मश्री मिळाली, त्या आपल्यातल्याच. ठाण्यात आमच्या खालच्या मजल्यावर पण पेणकर होते, ते हिंदू. पोस्टमन दर महिन्याला पत्रांची अदलाबदल करायचा. गणपतीत त्यांच्याकडे मूर्ती पेणहून यायची आणि आमच्याकडे मलिद्याला पोहे पेणहून, एकदा तर एकाच टेम्पोतून दोन्ही आलं आणि त्यांच्या काकूंनी पोह्यांची पिशवी वर आणून देताना चपला दाराबाहेर काढल्या आणि आमच्या मेझुझाला, चौकटीवरच्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावून हात कपाळाला लावला. ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

तू विचारशील की एवढं चांगलं होतं, कोणी त्रास दिला नाही, तर मग आलात कशाला. खरं सांगू, कारण एक नाही. प्रार्थनेत वर्षानुवर्षं म्हणतोय पुढच्या वर्षी येरुशलायमात, ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हतो, तुझे पणजोबा ते म्हणताना रडायचे. शिवाय इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टममधल्या नोकऱ्या आपल्या लोकांना पूर्वीसारख्या लागेनात, १९४८ नंतर एकेक कुटुंब निघायला लागलं, मुलींची लग्नं इथे व्हायला लागली, प्रार्थनेला दहा पुरुष जमेनात. मी आले १९९७ ला, लग्न होऊन. म्हणजे देव, पोट आणि नातेवाईक, तिन्ही.

आणि इथे आल्यावर काय झालं तेही तुला माहीत असू दे. १९६२ साली इथल्या धर्मपीठानं फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची चौकशी करा. तुझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं होतं तेव्हा. ऑफिसमधला माणूस म्हणाला पणजीच्या आईचं नाव सांगा. ते म्हणाले माझ्या आडनावात गाव आहे, त्या गावात जा आणि शनिवारी कोणाचा घाणा बंद असायचा ते विचारा. लोक येरुशलायमात धरणं धरून बसले, लहान मुलं घेऊन, आणि १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत. मोठे काका त्या दिवसाबद्दल बोलायचे तेव्हा आनंद कमी आणि थकवा जास्त दिसायचा. ज्या कोकणात आपण बाहेरून आलो तिथे दोन हजार वर्षांत कोणी कागद मागितला नाही आणि ज्याला घर म्हणून आलो तिथे दारात मागितला, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.

पण एक गोष्ट ते कधी सांगायचे नाहीत, ती मी सांगते. आपल्यातही गोरे आणि काळे होते. काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची असं समजलं जायचं ते, त्यांच्याशी आपण सोयरीक करत नव्हतो, पंगतीतही भेद असायचा. म्हणजे जो प्रश्न आपल्याला विचारला म्हणून आपण रस्त्यावर बसलो तोच आपण आपल्याच माणसांना पिढ्यान् पिढ्या विचारत होतो. हेही लिही प्रोजेक्टमध्ये. टीचरला आवडो न आवडो.

आणि तिथलं मूळ लिहितेस तर हेही ध्यानात ठेव की रायगडातले खरे आधीचे म्हणजे कातकरी, ठाकर. पेणच्या बाजारात डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरायचे, आजी त्यांच्याकडून करवंदं घ्यायची. आपण गावाचं नाव आडनावात लावून मिरवतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या नावावर स्वतःच्या झोपडीखालची जमीनही नसते. इथेही तसंच बघ, रामल्याच्या बाजारात ज्या अरब आजोबांकडून आपण भेंडी घेतो ते एकदा मला म्हणाले, तुझं गाव कुठलं. मी म्हटलं पेण, समुद्राजवळ. मग मी त्यांना विचारलं. त्यांनी एका गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाले आता तिथे नाहीये ते, आणि भेंडी तोलताना दोन जास्तच टाकल्या. मला काही बोलता आलं नाही. आपलं या मातीशी नातं आहे हे मी मनापासून मानते, आणि त्यांचंही आहे हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलंय.

तर रकान्यात काय लिहायचं. मी असते तर लिहिलं असतं, गलिल, नवगाव, पेण, ठाणे, बेरशेबा. याच क्रमानं. यातलं एक निवड म्हणाले तर सांग की माझं आडनाव पेणकर आहे आणि मी शुक्रवारी संध्याकाळी किद्दुश, शब्बाथची द्राक्षरसावरची प्रार्थना, ऐकते, तुम्हीच निवडा.

मैत्रिणीचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिनं भांडायला नव्हतं विचारलं. पुढच्या वेळी तिला खायला दे आधी. प्रोजेक्टच्या दिवशी वर्गात मलिद्याचा डबा न्यायचा असेल तर दोन दिवस आधी सांग, घरचे पोहे संपलेत, दिमोनाच्या दुकानातून आणावे लागतील, आणि जाडे नकोत, पातळच बघून घ्यायचे. खजूर आजीकडे आहेत.

तुझी,
आई