कंप एकाला, तोल दुसऱ्याचा. रक्त काय सांगणार?

तुम्ही विचारलंय: बाबांचा उजवा हात थरथरतो पण चालणं ठीक आहे, उलट शेजारच्या काकांना कंप अजिबात नाही तरी ते वर्षात तीनदा पडले. मग दोघांना पार्किन्सन्सच कसा? आणि लॅबवाले सुचवतात ती न्यूरोफिलामेंटची रक्ततपासणी केली तर बाबांचा प्रकार कळेल का?

मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे, म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या नवऱ्याची बारा वर्षं काळजी घेणारी. प्रकार कळावा एवढ्यासाठीच असेल तर पैसे घालवू नका.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्याच्या नावातच थरथर होती. तेव्हापासून 'हात हलत नाही म्हणजे पार्किन्सन्स नाही' हे डोक्यात बसलंय. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ या आमच्या आधारगटाच्या सभेला एकदा या. ओळीने बसलेल्या शुभार्थींत (आम्ही पेशंटला शुभार्थी म्हणतो) दोघं सारखे दिसत नाहीत. कुणाचा कंप पुढे, कुणाचा ताठरपणा, कुणाचा तोल. शिवाय प्रकार बदलतोही. ह्यांचा पहिली सहा वर्षं नुसता कंप होता. चहा आणला की बशी आधी वाजायची. आता कंप मागे पडलाय आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात.

न्यूरोफिलामेंट हे मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन. चालण्याचा आणि तोलाचा त्रास असलेल्यांत ते सरासरीने थोडं जास्त सापडतं, हे खरं. पण ते वयानेही वाढतं, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या बाबांच्या आकड्यावरून काही ठरत नाही. एमएसए, पीएसपी अशा पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या आजारांत ते बरंच वाढतं, म्हणून तशी शंका आली तर न्यूरॉलॉजिस्ट स्वतःच विचार करतील. अल्फा सिन्यूक्लिनचं, म्हणजे या आजारात मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाचं, तर आणखी अवघड. रक्तातलं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, नमुना घेताना त्या थोड्या फुटल्या तरी आकडा बिघडतो. युरिक अॅसिड कमी असणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो म्हणून ते वाढवून पाहिलं, फायदा झाला नाही.

थायरॉइड आणि बी १२ मात्र डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर करा.

त्याआधी घरातला औषधांचा डबा उपसा. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेलं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, अॅसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेवोसल्पिराइड. यांनीसुद्धा हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. आमच्या ओळखीतल्या एका आजींचं असंच निघालं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, चिठ्ठ्या घेऊन दाखवा.

आणि आठवडाभर वही ठेवा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय कधी अडले, कंप कधी वाढला. आमच्या वहीतून कळलं की गोळी वरण-दह्याच्या जेवणाबरोबर घेतली की ती लागू पडायला उशीर होतो. डॉक्टरांनी ती जेवणाआधी अर्धा तास करायला सांगितली.

काकांच्या घरी एक सांगा. पाय चिकटला की ओढू नये. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारल्यात. ह्यांना म्हणते, "रेघ ओलांडा." पाय उचलला जातो. सपाट फरशीवर जो माणूस हलत नव्हता, तोच.