शेत आत्ता, या क्षणी कसं दिसतंय ते उपग्रहातून ऑनलाइन कुठे बघता येईल?

‘या क्षणीचं’ शेत फुकटात कुठेच दिसत नाही. ‘लाइव्ह सॅटेलाइट’ म्हणून पैसे मागणारी अ‍ॅप्स सरळ फसवतात.

ढग बघायचे तर हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाला येतात. पण तो उपग्रह ३६,००० किमीवर, त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जवळपास अडीचशे एकर. नासाच्या वर्ल्डव्ह्यू साइटवर काही तासांत त्याच दिवसाचं चित्र मिळतं, तिथे ठिपका पंधरा एकरांचा. शेतासाठी एकच खरं: युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह. ठिपका १० मीटरचा, म्हणजे एक गुंठाच, आणि साधारण ५ दिवसांनी नवीन चित्र. त्याची चित्रं दाखवणारी ‘कोपर्निकस ब्राउझर’ ही साइट उघडा, तारीख निवडा.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय? निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. अवकाळीत गारा पडल्या, घड फुटले, पाहणीला सर्व्हेअर आला. त्याने बांधावर उभं राहून मोबाइलचा नकाशा दाखवला आणि म्हणाला, ‘इथे तर मोकळं रान दिसतंय, बाग अर्ध्याच गटात आहे.’ समोर मांडव उभा, वडील मांडवाखाली, आणि हा फोनमध्ये बघून बोलतोय! नकाशातलं चित्र लागवडीच्या आधीचं, तिथे कांदा होता तेव्हाचं. मी त्याच रात्री सेंटिनेलची चित्रं काढली: छाटणीनंतरची, मग गारांच्या आठवडाभर आधीची, तारखांसकट. पूर्ण गट हिरवा. दुसऱ्या दिवशी तीच पंचनाम्याला जोडायला लावली, तेव्हा क्षेत्र दुरुस्त झालं.

माझा चुलतभाऊ अजून म्हणतो, सातबाऱ्यावर पीकपेरा लागला की बास. नाही बास! गटात कांदाही आहे नि द्राक्षंही आहेत, तर कोणतं कुठल्या बाजूला हे सातबारा सांगत नाही. ई-पीक पाहणी कराच, पण आपल्या गटाची तारखेची चित्रंही काढून ठेवा. आणि कोणी नकाशा दाखवला की आधी विचारा, चित्र कधीचं आहे?

पावसाळ्यात मात्र सेंटिनेल-२ ला ढगच दिसतात. तेव्हा त्याच्याच जोडीच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगातून बघतं, पण ते करडं चित्र वाचायला सराव लागतो. गारांनी किती घड गेले हे दोन्हींतून कळत नाही, त्यासाठी फोटो बागेत उभं राहूनच काढा.