आधी अर्धा तास वाळूत बस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार दिवस झाले तरी बोर्डवर दोन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही, तेव्हा सर्फिंग आपल्याला जमणारच नाही का, असं विचारलं आहेस. चार दिवसांत दोन सेकंद ठीकच आहेत, त्याची चिंता नको. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अख्ख्या पत्रात पाण्याबद्दल एक ओळ नाही. लाटा कुठे फुटत होत्या, भरती होती की ओहोटी, वारा कुठून होता, काहीच नाही. काहीही म्हण, पण समुद्रात बोर्डवर उभं राहण्याचा वेळ फार थोडा असतो. बाकी सगळा वेळ हातांनी पाणी मारत सरकण्यात आणि थांबून बघण्यात जातो. त्या बाकीच्या वेळात जे कळेल, त्यावरच ते दोन सेकंद वाढणार आहेत.

म्हणून उद्या गेल्यावर बोर्ड खाली ठेव आणि अर्धा तास वाळूत बस. घड्याळ जवळ असू दे.

लाटा एकसारख्या येत नाहीत, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसेल. चार-सहा मोठ्या येतात, मग बराच वेळ लहान. दूर कुठेतरी वाऱ्यानं उठवलेल्या, कमीजास्त लांबीच्या लाटा वाटेत एकमेकींत मिसळतात. माथ्यावर माथा आला की मोठ्या लाटांचा घोळका होतो, माथ्याखाली खळगा आला की पाणी निवतं. या घोळक्याला सेट म्हणतात. आत शिरायचं ते सेट संपल्यावर. मग लाटांमधलं अंतर मोज: दहा लाटा जायला किती सेकंद लागले ते बघ आणि दहानं भाग. उत्तर ५-६ सेकंद आलं, तर त्या जवळच्याच वाऱ्यानं उठलेल्या, विस्कटलेल्या लाटा. १२ च्या पुढे आलं, तर त्या लांबून आल्यात आणि दिसतात त्यापेक्षा जास्त ताकदीच्या आहेत. अशा दिवशी नवख्यानं नुसतं बघत बसलं तरी दिवस वाया गेला असं समजू नये.

आणखी एक हिशेब. लाट साधारण तिच्या उंचीच्या १.३ पट खोलीवर फुटते. मीटरभराची लाट सव्वा-दीड मीटर पाण्यात. म्हणजे फुटणाऱ्या लाटेवरून तुला न दिसणारा तळ कळतो. जिथे लवकर फुटते तिथे वाळूचा उंचवटा आहे, जिथे फुटतच नाही तिथे खोल आहे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी दोन्हीकडे फेस आणि मधे काळपट, शांत पाण्याचा पट्टा दिसला आणि मी आनंदानं त्यात शिरले. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत समुद्रात जात होतं. याला रिप म्हणतात. मी किनाऱ्याकडे तोंड करून दम संपेपर्यंत हात मारले, आणि किनारा लांबच जात राहिला. बोर्ड सोडला नाही म्हणून वाचले. जोरदार रिपचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकचे जलतरणपटूसुद्धा जेमतेम तेवढ्या वेगानं पोहतात. तेव्हा त्याच्याशी झुंजायचं नाही. बोर्डवर पालथं पडून किनाऱ्याला समांतर सरकायचं, फेस दिसेल तिकडे. तो फेसच आत आणून सोडतो. हात थकले तर बोर्डला धरून राहायचं, एक हात उंच हलवायचा आणि मदत येईपर्यंत धीर धरायचा.

फेसातच शिकवतात, खऱ्या लाटेवर नेत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे. फेस काही कमी प्रतीचा नाही. न फुटलेल्या लाटेत पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जातो तो फक्त आकार. तिचा वेग तुला स्वतःच्या हातांनी गाठावा लागतो. फुटल्यावर मात्र पाणीच किनाऱ्याकडे धावतं आणि तुला ढकलतं. कमरेएवढ्या पाण्यात हा धक्का शंभरदा घे. फेस बोर्डला लागला की थांबू नकोस, आणखी तीन हात मार, मगच ऊठ.

उठताना तळवे बरगड्यांशी, बोर्डवर सपाट. कडा पकडल्या की बोर्ड कलंडतो. गुडघे टेकायची सवय लागू देऊ नकोस, ती सुटता सुटत नाही. नजर पायांकडे गेली की शरीरही तिकडेच जातं. किनाऱ्यावरचं काहीतरी ठरव आणि तिथेच बघ. बोर्डचं नाक पाण्यात घुसत असेल तर थोडं मागे सरकून झोप, बोर्ड मागे जड होऊन अडत असेल तर पुढे.

लहान बोर्ड घ्यायचा विचार आहे, तो सोड. मी घेतला होता आणि अख्खा मोसम त्याच्यापायी गेला. आठ-नऊ फुटांचा, रुंद, मऊ फोमचा बोर्ड लवकर वेग धरतो आणि डोक्यावर आदळला तरी इजा कमी होते.

पडणं मात्र शिकून घे. डोकं पुढे करून सूर कधीच मारायचा नाही; पाठीवर किंवा कुशीवर, पसरट पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती. बोर्ड कधीही तुझ्या आणि लाटेच्या मधे नको. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी जोडून ठेवणारी दोरी, मागच्या पायाला बांध, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. लीश १९७० च्या दशकात रुळली. त्याआधी बोर्ड सुटला की पोहतच किनारा गाठावा लागे, आणि तुटली तर आजही तेच. पत्रात पोहण्याचा उल्लेख नव्हता. बोर्डशिवाय दोनशे मीटर निवांत पोहता येत नसेल, तर आधी ते शीक. यात मी सूट देणार नाही.

इतरांबद्दल एवढंच, की लाट फुटायला सुरुवात होते त्या टोकाच्या जो सर्वांत जवळ, त्याची ती लाट. आणि मागे माणूस असताना बोर्ड सोडून बुडी मारायची नाही.

परवापर्यंत मला चार गोष्टी लिहून पाठव: दोन सेटच्या मधे किती मिनिटं गेली, दहा लाटांना किती सेकंद लागले, रिप कुठे दिसला, आणि भरती चढत गेली तसतशी लाट फुटण्याची जागा कुठे सरकली. किती सेकंद उभं राहता आलं, ते या वेळी नको.

तुझी,
ताई